अभिमन आबाच्या टेपचं झबलं

अमळनेरच्या टॅक्सी स्टँडवर ज्या गाड्या उभ्या राहायच्या, त्यांत अभिमन आबाची अँबॅसडर वयानं थोरली होती आणि तोऱ्यानंही. आबा खोटं बोलत नसे, पण खरं बोलायला लागला की ते वाढवल्याशिवाय त्याला राहवत नसे. एरंडोलजवळच्या पद्मालयाच्या गणपतीला चार म्हाताऱ्या नेऊन आणल्या, तरी सांगताना तो गाडीत अख्खी पंगत बसवायचा. मिशा भरघोस, टोपी तिरकी, आणि गाडी पुसायचं फडकं त्याच्या खिशातल्या रुमालापेक्षा पांढरं. त्याची बायको द्रौपदाबाई नव्या माणसाला सांगायची, की यांचं पहिलं लग्न गाडीशी झालंय, मी नंतर आले. हे ती भांडून नव्हे, ओळख करून द्यावी तसं सांगायची.

दोघांना एकच लेक, लता. नव्वद साल उजाडलं आणि तिचं लग्न ठरलं, धुळ्याला. आता लेकीची पाठवणी स्वतःच्या गाडीतून करायची, तर गाडीत तसं संगीत नको का? जुना टेप होता, पण तो कॅसेटी खायचा. एका लग्नात त्यानं ऐन नवरदेवाच्या चढण्याच्या वेळी फीत बाहेर ओकली होती, तेव्हापासून आबानं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. म्हणून आबा जळगावला नथ्थू रेडिओवाल्याकडे गेला. नथ्थूनं नवा टेप बसवला, त्याच्याखाली आवाज वाढवणारा एक बूस्टर लटकवला, मागच्या काचेपाशी ताटाएवढे दोन स्पीकर ठेवले. बूस्टरला समोर एक जाडजूड बटण होतं. ते दाबलं की लाल दिव्यांची रांग उजळायची आणि गाण्याबरोबर नाचायची. पुन्हा दाबलं की दिवे विझायचे.

आबानं एक अट घातली होती. किल्ली खिशात असली तरी गाणं वाजलं पाहिजे. त्याला कारण होतं. लग्नात ड्रायव्हर पंगतीला बसला की किल्ली गाडीत ठेवायची सोय नसते. वऱ्हाडातली उत्साही मंडळी गाडी घेऊन गावभर हिंडून येतात. किल्ली जवळ ठेवली तर गाणं बंद पडतं, आणि मांडवातून ओरड होते. नथ्थूनं अट मान्य केली आणि वायर थेट बॅटरीला जोडून दिली. ‘‘आबा, फक्त काम झालं की टेपची कळ फिरवायची आणि बूस्टरचं बटण दाबून दिवे विझवायचे. एवढं सांभाळा,’’ त्यानं बजावलं. आबानं नुसती मान डोलावली. गाडीतली गोष्ट त्याला कुणी बजावावी हे त्याला रुचलं नव्हतं.

घरात नवी वस्तू आली की तिला खोळ पाहिजे, हा लताचा नियम. रेडिओला होती, घड्याळाला होती, शिवणयंत्राला तर दोन होत्या. तिनं लग्नाच्या गडबडीतही बसून बूस्टरसाठी लोकरीची खोळ विणली. हिरवी, कडेला लाल झालर, वर बांधायला नाडी. आतून तिनं जुन्या चोळीच्या मखमलीचं अस्तर लावलं, म्हणजे धुळीचा कण आत जायला नको. गल्लीतल्या लोकांनी ती पाहिली आणि तिला झबलं म्हणायला लागले, आणि तेच नाव पडलं. लग्न होईपर्यंत रोज संध्याकाळी गाडी अंगणात लागली की लता स्वतः जाऊन दिवे विझवायची, झबलं घालायची, नाडी बांधायची. मग लग्न झालं आणि ती धुळ्याला गेली.

पाठवणीच्या वेळी एक प्रसंग घडला, तो इथेच सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. व्याही रुपचंद नाना हे एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, मनगटावर घड्याळ, आणि त्या घड्याळावर नजर. त्यांनी अँबॅसडरभोवती एक चक्कर मारली आणि सहज विचारलं, ‘‘जुनी दिसते. पोचवेल ना धुळ्यापर्यंत?’’

सहजच विचारलं होतं. पण आबाच्या मिशा थरथरल्या. सगळ्या वऱ्हाडापुढे तो म्हणाला, ‘‘नाना, आखाजीले मी लेकले लेवाले येसू, तवय तुमना आंगणमा मनी गाडीले धक्का लागना, त गाडी तठेच सोडसू आनि लेकले एसटीमा बसाडीसन लई जासू!’’

धक्का लागला तर गाडी तिथेच सोडून लेकीला एसटीनं नेईन, ही पैज ऐकून नानांनी फक्त मान हलवली. एसटीनं जाण्यात लाज काय असते, हे त्यांना कळलं नसावं.

आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण खानदेशात ती नुसती तिथी नसते. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला मुलीला आणायला माहेरचं माणूस जातं, आणि ती कशी आली हे गल्ली वर्षभर बोलते. आबाला आता एकच गोष्ट करायची होती; लेकीला वाजत-गाजत आणायचं, आणि व्याह्याच्या दारात गाडीला कुणाचा हात लागू द्यायचा नाही.

आणि नेमकी लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून गाडी सकाळी उठेना.

आबा सीटवर बसला, झबलं काढलं, सेल्फ मारला. खटक. पुन्हा खटक. तिसऱ्यांदा खटकसुद्धा नाही. शेजारपाजारचे जमले, धक्का दिला, गाडी खोकत सुरू झाली. त्याबरोबर बूस्टरचे दिवे आपोआप लागले. आबा खूश झाला. बटणाला हात न लावता उठतो म्हणजे काय भारी माल! स्टँडवर त्यानं हे चार जणांना दाखवलं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. आधी धक्का, मग आपोआप दिवे. आणि मग ते रोजचंच झालं. सकाळी आंघोळ करून बाहेर पडणारा माणूस आबाच्या दारावरून जायचं टाळायला लागला.

‘‘गाडी शे का सासू?’’ द्रौपदाबाई म्हणाली. ‘‘रोज सकायमा धक्का देना पडस!’’

तपास सुरू झाला. बॅटरीत पाणी भरलं, तिची टोकं घासून चकचकीत केली. वायरमन म्हणाला डायनॅमो बॅटरी भरत नाही. डायनॅमो उघडला, तो निर्दोष निघाला. मग डायनॅमो आणि बॅटरी यांच्या मधल्या कटआऊटच्या डबीवर संशय गेला, तो बदलला. बदललेला कटआऊटही सकाळी तसाच गप्प. द्रौपदाबाईनं बंपरला लिंबू-मिरची बांधली आणि नव्या स्पीकरवरून मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. त्यातली एक मोहरी स्पीकरच्या जाळीत अडकली आणि पुढे कित्येक दिवस ढोलकीच्या तालावर वाजत राहिली.

समोरच्या घरातल्या उखर्डूनं मात्र मुळालाच हात घातला. उखर्डूला कामधंदा बेताचा, त्यामुळे विचार करायला वेळ भरपूर. आबाच्या अंगणावरून दीपनगरच्या वीजकेंद्राच्या, उंच खांबांवरच्या मोठ्या तारा गेल्या होत्या. तिकडे बोट करून तो म्हणाला, ‘‘आबा, हाई तार दखी का? दीपनगरथून येस. ती तुनी बॅटरीना बठ्ठा करंट वढी लेस.’’

‘‘आरे, तिनामा इतला करंट शे, मंग मनी बॅटरीवर तिना डोया काब?’’

‘‘श्रीमंतनं तसंच ऱ्हास,’’ उखर्डू म्हणाला.

आबानं गाडी पार मारुतीच्या देवळामागे, तारांपासून दूर नेऊन लावली. सकाळी ती तिथेही मेलेलीच. फरक एवढाच पडला, की धक्का द्यायला आता देवदर्शनाला आलेले लोक मिळाले.

मग आबानं स्वतः मनावर घेतलं. एका जुन्या ड्रायव्हरकडून त्यानं युक्ती शिकून घेतली. बॅटरीची एक वायर सोडायची आणि मध्ये छोटा बल्ब जोडायचा. गाडीत सगळं बंद असताना बल्ब पेटला, तर कुणीतरी चोरून करंट पितंय. संध्याकाळी गाडी अंगणात लावून, टेप बंद करून, दिवे विझवून, झबलं घालून आबानं बॉनेट उघडलं आणि बल्ब जोडला. बल्ब पेटला! आबानं फ्यूज काढला. बल्ब पेटलेलाच. दुसरा काढला. तरी तसाच. अँबॅसडरला फ्यूज मुळात दोनच. आता काढायला आबाजवळ फक्त टोपी उरली होती.

‘‘नथ्थू!’’ तो ओरडला. ‘‘नथ्थूनीच वायर शे!’’

दुसऱ्या दिवशी तो जळगावहून नथ्थूला गाडीत घालूनच घेऊन आला. अंगणात गाडी लावली, बंद केली, रीतसर झबलं घातलं आणि आबा बॉनेटकडे गेला. नथ्थू बोलका माणूस. बोलणं एकीकडे, हात दुसरीकडे. ‘‘आबा, आपल्या हातच्या वायरिंगला आजवर नाव ठेवलं नाही कुणी,’’ असं द्रौपदाबाईकडे पाहत म्हणता म्हणता त्यानं आत हात घालून झबलं ओढून काढलं आणि सवयीनं बूस्टरचं बटणही दाबलं. इकडे आबानं बल्ब जोडला. बल्ब गप्प. पुन्हा जोडला, हलवला, फुंकला. गप्प.

‘‘काल पेटना व्हता!’’ आबा म्हणाला. ‘‘देवनी आन!’’

‘‘मला पाहून चोर पळाला,’’ नथ्थू म्हणाला. त्यानं चहा घेतला, बूस्टर आपोआप उठतो हे ऐकून ‘‘मालच तसा दिला तुम्हाला’’ म्हणत त्याचंही श्रेय घेतलं आणि एसटीनं जळगावला गेला. संध्याकाळी आबानं झबलं परत घातलं, आणि सकाळी गाडी पुन्हा खटक.

त्यानंतर आबानं तपासाचा नाद सोडला आणि उताराचा धरला. अमळनेरात, पारोळ्यात, धरणगावात कुठे किती उतार आहे, कुठे गाडी नुसता ब्रेक सोडला की घरंगळत सुरू होते, हे त्याला पाठ झालं. लग्नाची सुपारी आली, तर तो आधी मांडव चढावर आहे का ते विचारायचा. लोकांना वाटायचं, आबाला आता म्हातारपणी वास्तुशास्त्राचं वेड लागलं.

पण धुळ्याला नानांचं घर देवपुरात होतं, आणि ती गल्ली परातीसारखी सपाट. आबानं खूप आठवून पाहिलं, उतार काही आठवेना. शेवटी त्यानं ठरवलं की इंजिन बंदच करायचं नाही. जायचं, दारात उभं राहायचं, लेकीला बसवायचं, निघायचं. तशीही लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही ही रीत होतीच, तेव्हा बसण्याचा प्रश्न नव्हता. द्रौपदाबाईनं भाकरी-ठेचा फडक्यात बांधून दिला, पाण्याची कापडी छागल बंपरला अडकवली आणि मोठ्या आवाजात गाणं लावून आबा धुळ्याला निघाला.

गाडी गल्लीत शिरली तेव्हा दारादारांतून माणसं बाहेर आली. लता धावत उंबऱ्यापर्यंत आली आणि सासऱ्यांना पाहून चालत पुढे झाली. आबाला उतरून तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण पाय क्लचवर होता. ‘‘नाना, बसत नही. चाल, लता,’’ तो आतूनच म्हणाला.

नाना गाडीजवळ आले. इंजिन सुरू आहे हे त्यांनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा बदलला. ‘‘उभ्या गाडीचं इंजिन चालू? आबा, पेट्रोल जळतं हो!’’ सगळी नोकरी त्यांनी ड्रायव्हरांना हेच सांगण्यात घालवली होती. आबानं काही बोलायच्या आत त्यांनी खिडकीतून हात घातला, किल्ली फिरवली, काढली आणि पेनांच्या शेजारी खिशात टाकली. इंजिन थांबलं. गाणं मात्र चालूच राहिलं.

‘‘किल्ली काढली तरी गातंय!’’ नाना दचकून मागे सरले.

आबाला आता उतरणं भाग होतं. त्यानं टेपची कळ फिरवली, बटण दाबलं, दिवे विझलेले नीट पाहिले. झबलं घातलं, नाडी बांधली. मग त्यावर हळूच दोनदा थोपटलं आणि मनातल्या मनात पद्मालयाच्या गणपतीला नारळ बोलला.

पुढचा वेळ आबाला फार जड गेला. लताच्या सासूबाई, नर्मदाबाई, सुनेबरोबर काय काय द्यायचं ते काढत होत्या, आणि जे काढलं ते परत ठेवून दुसरं काढत होत्या. आत पुरणाच्या मांड्यांचा आणि आमरसाचा वास सुटला होता. आबा ओट्यावर बसून स्वतःची भाकरी खात होता, तहान लागली की उठून बंपरपाशी जाऊन छागलीतलं पाणी पीत होता. गल्लीतली माणसं जाता-येता हे पाहत होती. नाना म्हणाले, ‘‘तुमची रीत मला मान्य आहे, पण निदान आत सावलीत बसून खा.’’ आबा आत आला नाही. त्याचा सगळा जीव गाडीत होता, आणि उन्हात गाडी तापत होती.

अखेर लता निघाली. सगळ्यांच्या पाया पडली, पुढच्या सीटवर बसली. नानांनी किल्ली परत दिली. आबानं डोळे मिटून सेल्फ मारला.

खटक.

आबानं पुन्हा मारला. यावेळी तर नुसती टिक. नानांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, ‘‘अमळनेरची गाडी आता स्टँडला लागलीच असेल. रिक्षा केली तर मिळेल.’’

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. प्रवासी अडकला की गाडी सांगायची, एवढंच त्यांना ठाऊक. पण आबाला ते शब्द झोंबले. आता ही गाडी परक्या गल्लीत सोडायची, लेकीची ट्रंक डोक्यावर घ्यायची आणि पहिल्या आखाजीला तिला एसटीच्या गर्दीतून न्यायचं. तिकडे अमळनेरात उखर्डूपासून सगळे दारात उभे असतील. आबानं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. त्याला रडू येत होतं, आणि ते मिशीला शोभणारं नव्हतं.

लताचं लक्ष मात्र झबल्याकडे होतं. उन्हानं लोकर विटली का, म्हणून तिनं त्यावर हात ठेवला आणि चटकन काढला.

‘‘आबा, हाई गरम काब शे?’’

‘‘ऊन शे,’’ आबा डोकं न उचलता म्हणाला.

‘‘ऊन मांगेथून शे. आठे सावली शे.’’ तिनं नाडी सोडली, झबलं वर केलं आणि वाकून आत पाहिलं. ‘‘आबा, आतमा दिवा लागेल शे!’’

आबानं डोकं उचललं. खरंच, दिव्यांची रांग मिणमिणत होती. ‘‘मी विझाडा व्हता! मना डोयाखाल विझाडा!’’

‘‘मंग काय करं?’’

‘‘झबलं घालं. नाडी बांधी.’’

‘‘मंग?’’

आबाचा हात आपोआप पुढे झाला आणि नुसत्या बटणावर त्यानं हळूच दोनदा थोपटलं. पहिल्या थापेला तळव्याची कड नुसती घासून गेली, दुसरी बटणावर बसली आणि दिवे विझले. लता त्या हाताकडे बघत राहिली. तिला तो हात ओळखीचा होता. लहानपणी झोपवताना शेवटी तो असाच दोनदा पाठीवर पडायचा. त्यानंतर डोळे उघडायचे नाहीत असा त्यांचा करार होता.

‘‘माले थोपटेत, तसं याले थोपटतस?’’ ती हळू आवाजात म्हणाली.

‘‘काय करू माय,’’ आबा म्हणाला. ‘‘तू गई, घर खायाले उठस. झबलं तुना हातनं शे. संध्याकायले हात ऱ्हातच नही.’’

म्हणजे लेक गेल्यापासून रोज संध्याकाळी आबा बूस्टर विझवत होता, आणि तिच्या आठवणीनं थोपटून पुन्हा पेटवत होता. मखमलीच्या आत तो बिचारा सकाळपर्यंत जळत बसायचा. उगाच दीपनगरच्या तारांवर आळ आला, डायनॅमोची अब्रू गेली, नथ्थूला जळगावहून हेलपाटा पडला. लता हसायला लागली आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली. आबाला कळेना, यातलं काय आधी करावं.

चोर सापडला, पण बॅटरी तर रिकामीच होती. लतानं नाक ओढलं आणि म्हणाली, ‘‘आबा, उतरा. तुम्ही धकला, मी शे आठे.’’ आणि कुणाला काही कळायच्या आत ती सरकून स्टिअरिंगमागे बसली. तिला हे नवं नव्हतं. घरात मुलगा नाही, तेव्हा आबा गाडी ढकलायचा आणि लता शाळेच्या वयापासून आत बसून क्लच सोडायची. पण ही माहिती लग्न ठरवताना कुणी सांगितलेली नव्हती. नर्मदाबाईंचा हात तोंडावर गेला तो तिथेच राहिला.

आबा मागे गेला. अंगणात घरच्या माणसानं ढकललं तर तो धक्का नव्हे, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि जोर लावला. अँबॅसडर जागची हलली नाही. पुन्हा लावला. टोपी पडली. मग एकाएकी गाडी हलकी झाली आणि पुढे सरकायला लागली. आबानं बाजूला पाहिलं, तर धोतराचा सोगा खोचून, घड्याळाचा हात पाठीशी घेऊन, रुपचंद नाना डिकीला खांदा लावून चालत होते.

‘‘नाना! नको! मना शबद...’’

‘‘तुम्ही समोर बघा,’’ नाना धापा टाकत म्हणाले. ‘‘मी धक्का देत नाहीये. मी नुसता टेकलोय. गाडी पुढे जाते त्याला मी काय करू?’’

लतानं क्लच सोडला. गाडीनं एक गचका खाल्ला, धूर सोडला आणि सुरू झाली. डोक्यावरचा पदर न ढळू देता सून गाडी गल्लीच्या टोकापर्यंत घेऊन गेली आणि तिथे नीट उभी करून परत बाजूच्या सीटवर सरकली. आबानं टोपी उचलली आणि नानांच्या पाया पडायला वाकला, तर नानांनी त्याला वरच्यावर धरलं. ‘‘इंजिन चालू ठेवा,’’ ते म्हणाले. नोकरीच्या आयुष्यात हे वाक्य त्यांनी कुणाला सांगितलं नसेल.

अमळनेरला गाडी मोठ्यानं वाजत पोचली. उखर्डूला खरं कारण सांगितलं, ते त्याला पटलं नाही. तारांवरचा त्याचा संशय आजही कायम आहे.

आखाजीचे झोके संपले, लता धुळ्याला परत गेली. जायच्या आधी तिनं झबल्याला बटणाच्या आणि शेजारच्या दिव्यांच्या जागी एक मोठं गोल भोक पाडलं आणि त्याची कड लाल लोकरीनं विणून पक्की केली, म्हणजे दिवा दिसेल. त्या संध्याकाळी आबानं गाडी अंगणात लावली, टेप बंद केला, दिवे विझवले. आधी झबलं घातलं, नाडी बांधली, मग दोनदा थोपटलं. थोपटल्यावर दिवे पुन्हा लागलेले भोकातून दिसले, तसं बोट घालून त्यानं ते विझवले. सकाळी गाडी पहिल्याच सेल्फला उठली. आबा मात्र स्टँडवर जायच्या ऐवजी सरळ लेकीकडे, धुळ्याच्या रस्त्याला लागला.